अडल्या प्रवाशासाठी दोन जागा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत विमानतळाचा विषय निघाला की चर्चा ठरावीक वळणाने जाते. सुरजागडचे लोहखनिज, कोनसरीचा पोलाद प्रकल्प, राजुरा व कोरपना तालुक्यांतील सिमेंट कारखाने, कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि ताडोब्याचे वाघ पाहावयास येणारे पर्यटक यांची यादी मांडली जाते. एवढे सारे येथे असताना विमान कंपन्यांना गुंतवणूक का परवडू नये, असा प्रश्न विचारला जातो. चंद्रपूरजवळ मोरव्याला लहान विमानांपुरती धावपट्टी आहे. राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्ती येथे नवा विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहिला आणि वनजमीन व वाघांचा संचारमार्ग हे त्याच्या वाटेतील अडथळे ठरले. गडचिरोलीसाठीही विमानतळाच्या योजना मांडल्या गेल्या आहेत. हे सारे प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु प्रवासी कोण असणार, याचा विचार करताना उद्योगपती, अधिकारी आणि पर्यटक यांच्यापुढे आपली कल्पनाशक्ती सहसा जात नाही. घरून अशुभ वार्ता आली म्हणून धावणारा माणूस कोणत्याही प्रकल्प-अहवालात आढळत नाही. त्याची बाजू मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा माणूस या भागात विरळा आहे असे कोणी समजू नये. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या चार दशकांत येथे नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्यांची आणि शिक्षणासाठी व पोटासाठी बाहेर गेलेल्यांची संख्या सतत वाढत गेली. धानोरा, एटापल्ली, भामरागड येथील ठाण्यांवर व मदत केंद्रांवर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान देशाच्या कानाकोपऱ्यांतून आले. सिमेंटच्या आणि पोलादाच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथील कामगार आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतील कितीतरी शिक्षकांची मूळ गावे पश्चिम महाराष्ट्रात वा मराठवाड्यात आहेत. उलट बाजूने पाहिले, तर येथील मुले अभियांत्रिकीसाठी, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जातात, नोकरीसाठी हैदराबाद वा बंगळूरला राहतात. या प्रत्येकाच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा तो दूरध्वनी येतो. वडिलांना अतिदक्षता विभागात ठेवले आहे, किंवा आई गेली, निघ.

निघावयाचे ते कसे? चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके दिल्ली-चेन्नई या मुख्य लोहमार्गावर असल्याने चंद्रपूरकरांना निदान रेल्वेचा आधार आहे. गडचिरोली जिल्ह्यात मात्र रेल्वे देसाईगंज-वडसा येथे जिल्ह्याच्या कडेला स्पर्श करून जाते, आणि वडसा-गडचिरोली मार्गाचे काम दीर्घकाळ रेंगाळत राहिले. नियमित विमानसेवेसाठी दोन्ही जिल्ह्यांना प्रामुख्याने नागपूरकडेच पाहावे लागते. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून अधिक, आणि भामरागडहून तीनशे किलोमीटरांच्याही पुढे. सिरोंच्याच्या माणसाला तर गोदावरी ओलांडून तेलंगणाकडे जाणे अधिक सोयीचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच या प्रवाशाचा निम्मा दिवस रस्त्यावर गेलेला असतो. दोन तासांच्या उड्डाणासाठी तो नागपूरला पोहोचतो, तेव्हा त्याच्यासमोर येणारे भाडे हे महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्याच्या भाड्याच्या दुप्पट, तिप्पट, कित्येकदा त्याहूनही अधिक असते.

असे का होते, हे रागाने समजणार नाही, हिशेबाने समजेल. विमानवाहतूक हा भांडवलाचा मोठा घास घेणारा आणि परतावा जेमतेम देणारा धंदा आहे. विमाने बहुधा भाडेपट्ट्याने घेतलेली असतात आणि त्यांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते. इंधन हा खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, आणि त्याचा भाव कंपनीच्या हाती नसतो. विमान उडाले की रिकामी राहिलेली जागा कायमची वाया जाते, ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०२५ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार जगभरातील विमान कंपन्यांना एका प्रवाशामागे निव्वळ नफा उरतो तो अवघा ७ डॉलरच्या आसपास. आपल्या देशातील अनुभव तर अधिकच बोलका आहे. १९५३ मध्ये या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९० च्या दशकात तो पुन्हा खाजगी भांडवलास खुला झाला. १९९३ मध्ये सुरू झालेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. २००५ मध्ये थाटामाटाने निघालेली किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. गो फर्स्टची विमाने मे २०२३ मध्ये थांबली. सरकारच्या मालकीची एअर इंडिया कर्जाच्या ओझ्याखाली वाकल्यावर जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. या पडझडीत इंडिगो ही एकच मोठी कंपनी भक्कमपणे उभी राहिली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिने ८ हजार १०० कोटी रुपयांहून अधिक नफा मिळविला. काटकसर, एकाच जातीच्या विमानांचा मोठा ताफा आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवण्याची शिस्त, ही तिच्या यशाची कारणे सांगितली जातात.

सांगण्याचा हेतू हा की विमान कंपनीने धर्मादाय संस्था व्हावे, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. भांडवल घालणाऱ्याला परतावा मिळाला नाही, तर विमानच येणार नाही, आणि न येणाऱ्या विमानातील सवलतीला काडीचीही किंमत नाही.

तथापि ज्या पद्धतीने हा परतावा मिळविला जातो, तिच्यात एक दोष आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. एकाच विमानातील जागा अनेक दरांच्या पायऱ्यांवर विकल्या जातात. जो आधी येतो त्याला खालची पायरी आणि जो शेवटी येतो त्याला वरची. यामागील तर्क असा की सुटीला जाणारा कुटुंबप्रमुख महिनोन्महिने आधी बेत करतो व पैशास जपतो. उलट ऐन वेळी तिकीट घेणारा बहुधा व्यापारी वा कंपनीचा अधिकारी असतो, त्याचे काम अडलेले असते, आणि त्याचे पैसे त्याची कंपनी भरते. तेव्हा त्याच्याकडून अधिक घ्यावेत. हा तर्क सर्वस्वी चुकीचा नाही. किंबहुना वरच्या पायरीवरील या उत्पन्नामुळेच खालची पायरी स्वस्त ठेवता येते. परंतु ऐन वेळी येणाऱ्यांच्या त्याच रांगेत तो शिक्षकही उभा असतो, ज्याचे वडील काल रात्री गेले. त्याची निकड व्यापाऱ्याच्या निकडीसारखीच दिसते, पण त्याची ऐपत तशी नसते. भाडे ठरविणारे यंत्र निकडीलाच ऐपत समजते. त्याला कारण विचारता येत नाही, आणि विचारण्याची सोय कोणी केलेली नाही.

येथे आपल्या जुन्या व्यवहाराकडे वळून पाहणे बोधप्रद ठरेल. तारखाते चालू होते तेव्हा मृत्यूची वा गंभीर आजाराची तार इतर तारांच्या आधी रवाना करण्याचा प्रघात होता. सौद्याच्या तारेला थांबावे लागले तरी चालेल, पण मरणाची तार थांबता कामा नये, हा त्यामागील विचार. १५ जुलै २०१३ रोजी ती सेवा बंद झाली, पण तो विचार खोटा ठरला नाही. नागपूर हे तर हवाई टपालाच्या इतिहासातील मानाचे नाव आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परत फिरत. १९७३ पर्यंत ही व्यवस्था चालली. एका माणसाचे पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचावे, एवढ्यासाठी राष्ट्राने चार विमाने रात्री आकाशात ठेवली. त्या विमानांतून प्रवासीही जात, पण आखणीच्या केंद्रस्थानी टपाल होते. विमानवाहतूक ही लोकसेवा आहे, ही भावना त्या योजनेच्या मुळाशी होती.

रेल्वेने तर ही भावना आजवर नियमांत जपली आहे. गाडी पूर्ण भरली तरी काही जागा आणीबाणीच्या कोट्यात राखून ठेवल्या जातात, आणि घरातील मृत्यू वा गंभीर आजार हे त्या कोट्यासाठी मान्य कारण आहे. या कोट्यावर वशिल्याची सावली पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही अडलेल्या माणसासाठी काही जागा बाजूला ठेवाव्यात, हे तत्त्व रेल्वेने मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत महिलांना अर्धे भाडे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळू लागला, तो महामंडळाच्या औदार्याने नव्हे. त्या सवलतींचा भार उचलण्याची जबाबदारी राज्य शासनाने घेतली. विमानाच्या बाबतीतही शासनाने अशी पावले टाकली आहेत. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय दलांच्या सर्व जवानांना दिल्ली-श्रीनगर व जम्मू-श्रीनगर या मार्गांवर विमानप्रवासाची मुभा देण्यात आली, आणि तीत रजेवर घरी जाण्याचाही समावेश होता. गडचिरोलीच्या जंगलात खडा पहारा देणाऱ्या जवानाला वडिलांच्या अंत्यविधीसाठी धावपळ करावी लागते, तेव्हा त्याचे दुःख श्रीनगरच्या जवानाहून कमी असते काय?

आता प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेकडे वळू, कारण चंद्रपूर-गडचिरोलीला उद्या विमान आले तर ते बहुधा अशाच एखाद्या योजनेच्या पंखांवर येईल. या योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. जेथे धंदा परवडणार नाही अशा मार्गावर तोटा भरून काढण्यासाठी कंपनीला तीन वर्षे सरकारी अर्थसाहाय्य द्यावयाचे, मार्गाचा एकाधिकार द्यावयाचा, इंधनावरील राज्याचा कर नाममात्र ठेवावयाचा, विमानतळावरील शुल्क माफ करावयाचे, आणि त्या बदल्यात विमानातील सुमारे निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल भाड्याने विकावयाच्या, अशी तिची रचना. आरंभी तासाभराच्या प्रवासासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. या साहाय्याचा पैसा मुख्यतः इतर मार्गांवरील विमानांवर बसविलेल्या अधिभारातून येतो आणि राज्य शासनही त्यात आपला वाटा घालते. २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेचे सुधारित रूप जाहीर झाले व पुढील दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

विदर्भाने या मार्गावरील चढउतार पाहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये इंदूर व हैदराबादसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांतच बंद पडली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद-तिरुपतीचे विमान सुरू केले. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान निघाले. लहान गावाला विमान येते, जाते आणि पुन्हा येते. ते टिकविण्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो.

परंतु या योजनेतील एक उणीव फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. कमाल भाड्याच्या त्या निम्म्या जागा मिळतात त्या जो आधी येईल त्याला. म्हणजे पर्यटनाचा बेत दोन महिने आधी आखणारा प्रवासी सरकारी साहाय्याच्या स्वस्त जागेवर बसतो, आणि ज्याच्या घरी काल मृत्यू झाला तो उरलेल्या जागेसाठी बाजारभाव मोजतो. करुणेच्या नावाने नव्हे, पण सर्वसामान्यांच्या नावाने उभी राहिलेली ही सवलत दूरदर्शीपणाला बक्षीस देते. मृत्यूच्या बाबतीत दूरदर्शी होणे कोणाला शक्य आहे? प्रवाशांच्या हक्कांविषयीचे आपले नियमही येथे तोकडे पडतात. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात वैद्यकीय आणीबाणीमुळे तिकीट रद्द करणाऱ्याला परतावा वा त्या रकमेची जमा देण्याचा विचार होता. तो स्वागतार्हच. पण त्याने हाती तिकीट असलेल्याचे रक्षण होते. ज्याला आज, आत्ता तिकीट घ्यावयाचे आहे, त्याच्यापर्यंत हा विचार पोहोचत नाही.

परदेशांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. अमेरिका व कॅनडातील अनेक कंपन्या शोकग्रस्त प्रवाशांसाठी वेगळे, कमी भाडे आकारीत असत. अमेरिकन व युनायटेड या दोन मोठ्या कंपन्यांनी २०१४ मध्ये ही सवलत बंद केली, तर एअर कॅनडाने ती चालू ठेवली. याच एअर कॅनडाच्या संदर्भात एक उद्बोधक खटला झाला. आजीच्या निधनानंतर तिकीट घेणाऱ्या एका प्रवाशाला कंपनीच्या स्वयंचलित संवादयंत्राने सांगितले की आधी पूर्ण भाडे भरा आणि नव्वद दिवसांत अर्ज करून सवलत मागा. प्रत्यक्षात कंपनीचा नियम प्रवासापूर्वीच अर्ज करण्याचा होता, म्हणून तिने नंतर पैसे नाकारले. यंत्राच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही, असा पवित्राही तिने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीला भरपाई देण्यास लावले. निवाड्याचे महत्त्व कायद्याच्या अंगाने आहेच. पण आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे हे की त्या यंत्राने चुकून सांगितलेला नियम हा कंपनीच्या खऱ्या नियमापेक्षा अधिक शहाणपणाचा होता.

कारण सवलतीवरचा नेहमीचा आक्षेप असा की लोक खोटे बोलतील. कोणीही उठून काका वारल्याचे सांगेल. आक्षेप निराधार नाही. परंतु दुःखात बुडालेल्या माणसाला तिकीट-खिडकीवर पुरावा मागणे जितके निर्दय, तितकेच निरुपयोगीही आहे, कारण त्या क्षणी त्याच्याजवळ कागद असत नाही. उपाय सोपा आहे. तिकीट घेताना प्रवाशाने प्रचलित भाडे भरावे. प्रवासानंतर नव्वद दिवसांच्या आत मृत्यूचा दाखला, किंवा रुग्णालयात दाखल केल्याचा कागद आणि नात्याचा पुरावा सादर करावा. भाड्यातील फरक त्याला परत मिळावा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ पासून आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने दाखले संगणकीय नोंदीतून देण्याची तरतूद झाली आहे. खोटा दाखला पकडणे आज पूर्वीइतके अवघड नाही. आईवडील, पतिपत्नी, मुले, भावंडे, सासूसासरे आणि आजीआजोबा एवढ्यांपुरतीच ही सोय ठेवली, तर गैरवापरास आणखी आळा बसेल.

ज्याच्याजवळ ऐन वेळी पूर्ण भाडे भरण्याइतकेही पैसे नाहीत त्याचे काय? आणि पैसे असूनही विमान भरले असेल तर? त्यासाठी प्रत्येक उड्डाणात दोन जागा राखाव्यात. सुटण्याच्या काही तास आधीपर्यंत त्या जागा मागणाऱ्या अडल्या प्रवाशास त्या दिवसाच्या सर्वांत खालच्या भाड्याने द्याव्यात आणि कोणी न आल्यास खुल्या कराव्यात. या दोन जागांसाठी प्रवाशाने लेखी निवेदन द्यावे, कागद नंतर आणावा, आणि न आणल्यास फरकाची वसुली व्हावी. याचा बोजा किती पडेल? प्रादेशिक मार्गांवर चालणाऱ्या एका विमानात साधारणतः सत्तर जागा असतात. त्यांतील दोन म्हणजे शेकडा तीनही नव्हेत. उदाहरणादाखल खालचे भाडे ४ हजार आणि ऐन वेळचे १० हजार धरले, तर एका जागेमागे फरक ६ हजारांचा, दोन जागांचा १२ हजारांचा. साठ प्रवाशांवर तो विभागला तर माणशी २०० रुपये. तेही दोन्ही जागा रोज मागितल्या गेल्या आणि एरवी त्या पूर्ण भाड्याने विकल्याच गेल्या असत्या, असे धरले तर. प्रत्यक्षात बोजा याहून कितीतरी हलका राहील, कारण महाग भाडे पाहून मागे फिरणारा, रात्रभर रेल्वेच्या साध्या डब्यात उभा राहून जाणारा प्रवासी आज कंपनीला काहीच देत नाही.

शासनाने भाड्याच्या व्यवहारात हात घालावा काय, असा तात्त्विक प्रश्न उपस्थित केला जाईल. त्याचे उत्तर घटनांनीच दिले आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली. तेव्हा ६ डिसेंबर रोजी शासनाने अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा घालून दिली. पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, त्यापुढे चढत्या श्रेणीने १८ हजारांपर्यंत. आणीबाणी हजारो प्रवाशांवर एकाच वेळी आली तर शासन हस्तक्षेप करते. तीच आणीबाणी वर्षभर रोज थोड्याथोड्यांवर येत असते, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या घरी. ती एकत्र दिसत नाही, म्हणून तिचा आवाज उमटत नाही, एवढाच काय तो फरक.

आणखी एक आक्षेप या दोन जिल्ह्यांतूनच येईल आणि तो अधिक गंभीर आहे. मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणारा मजूर, भामरागडचा माडिया शेतकरी विमानात बसणार आहे काय? त्याला रात्रीची बस नाही, पुलावर पाणी आहे, आणि आपण विमानाच्या जागांचा विचार करतो! हा आक्षेप शिरोधार्य मानला पाहिजे. अडल्या माणसाचा विचार विमानापासून सुरू होऊन विमानापाशीच संपला, तर तो मध्यमवर्गाचा स्वार्थ ठरेल. नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्री उशिरा निघणारी राज्य परिवहनाची खात्रीची गाडी, तेथून तालुक्याच्या गावी पहाटे जोडून निघणारी दुसरी गाडी, आणि निवडणुकीत मतदान पथके नेणारे हेलिकॉप्टर पुराच्या दिवसांत रुग्णासाठीही मिळेल अशी निश्चित व्यवस्था, या मागण्या विमानाच्या मागणीच्या आधीच्या आहेत. परंतु एक मागणी दुसरीला छेद देत नाही. प्रवासाचे साधन कोणतेही असो, मरणाची हाक आलेल्याला वाट मोकळी करून द्यावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

या भागाच्या लोकप्रतिनिधींनी, वाणिज्य मंडळांनी आणि नागरिकांच्या संघटनांनी हे आज लक्षात घ्यावयास हवे. विमानतळासाठी जमीन जनतेची जाणार आहे, कदाचित जंगलही जाईल. धावपट्टी शासनाच्या पैशाने होईल. तोटा भरून देण्याची हमीही सार्वजनिक निधीतून दिली जाईल. एवढे सारे घेऊन येणाऱ्या कंपनीकडे दोन जागा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. करार होण्यापूर्वी मागितल्या तर त्या अटीत बसतात. करार झाल्यावर मागितल्या तर ती विनंती होते, आणि विनंत्यांचे काय होते याचा अनुभव या दोन जिल्ह्यांना भरपूर आहे. म्हणून विमानतळाच्या मागणीचे पुढचे निवेदन लिहिले जाईल तेव्हा त्यात खनिजाच्या टनांबरोबर आणि पर्यटकांच्या आकड्यांबरोबर हे एक कलमही असावे: प्रत्येक उड्डाणात दोन जागा अडल्या प्रवाशासाठी, खालच्या भाड्याने.